खवट

माझ्या दोन्ही सुना मला पाठीमागे खवट म्हणतात. पाठीमागे म्हणजे स्वयंपाकघरात, आणि आमचं स्वयंपाकघर एवढं लहान आहे की तिथं कुजबुजलेलंही मला बाहेरच्या खाटेवर स्पष्ट ऐकू येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. एक तर ते खरं आहे. माणसं वयाबरोबर गोड होत जातात असं सांगणाऱ्यांनी माझ्या माहेरची माणसं पाहिलेली नसावीत. दुसरं म्हणजे या शब्दाचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. त्या शब्दाचा अर्थ आमच्या घरात एका चुकीच्या तेलापायी बदलला नसता, तर मी आज मैंदर्गीतल्या एका कापडदुकानाच्या मागच्या खोलीत कुणाचे तरी सुगंधी हातरुमाल धूत बसले असते. सुनांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, सासूबाईंचं पुन्हा सुरू झालं. म्हणून लिहून ठेवते.

आमचा तेलाचा घाणा सोलापुरात, अक्कलकोट रोडला होता. पुढं घाणा, मागं घर, आणि दोन्हींच्या मधे पेंडेची पोती. शेजारी पद्मशाली विणकरांचे माग. दिवसभर त्यांची खटाखट आणि आमच्या घाण्याची घरघर एकत्र चालायची, आणि आम्ही सगळे त्या आवाजावरून ओरडून बोलायला शिकलो. माझा आवाज अजून तसाच आहे, त्याचीही सुनांना तक्रार असते. घरात सगळ्याला करडईच्या तेलाचा वास. उशीला, वहीला, आईच्या पदराला, देवाच्या फोटोला. सकाळी कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीत कालवायची, वर घाण्याखालून आणलेलं कोमट तेल ओतायचं, आणि एक कांदा बुक्कीनं फोडायचा. त्या जेवणाला मी आजही नावं ठेवणार नाही. बाकी सगळ्याला ठेवणार आहे.

या घरावर राज्य होतं माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, नाकाचं. आप्पा ठेंगणे होते, शिक्षण बेताचं, आणि नाक मात्र सरळ, लांब, टोकाला किंचित लाल. तेल पारखायची त्यांची एक पद्धत होती. चार थेंब डाव्या तळव्यावर घ्यायचे, उजव्या हाताच्या बोटानं चोळायचे, तळवा गरम झाला की ओंजळ नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. मग सगळी माणसं श्वास धरून उभी. डोळे उघडून ते दोनच शब्दांपैकी एक बोलायचे: ‘गोड’ किंवा ‘खवट’. मधलं काही नाही. पामतेलाची भेसळ ते बंद डब्याच्या बुचावरून ओळखायचे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि पेठेतले व्यापारी वाद मिटवायला त्यांच्याकडं डबे घेऊन यायचे, हेही खरं आहे. करडईच्या तेलापुरतं ते नाक खरंच नाक होतं. आमचं दुर्दैव असं, की ते करडईपाशी थांबलं नाही.

आप्पा पावसाचा वास घ्यायचे, आणि तो चुकायचा. तापाचा वास घ्यायचे, आणि डॉक्टरकडं न्यायला उशीर व्हायचा. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी ते एकदा खोल श्वास घ्यायचे, आणि तो गेल्यावर आईला सांगायचे, “ह्यो मानूस खवट हाय. उंबऱ्याच्या आत घिऊ नगं.” आई मान हलवायची. आईनं मान हलवण्याशिवाय दुसरं काही करायचं ठरवलं असतं, तर त्या घरातल्या निम्म्या चुका टळल्या असत्या. पण तिनं ते फार उशिरा ठरवलं. माझा थोरला भाऊ, बंडूदादा, त्याला तर मानही हलवावी लागत नव्हती. आप्पा म्हणतील ते त्याच्या तोंडून आधीच बाहेर पडायचं. अशा घरात मी एकटी कॉलेजात विज्ञान शिकत होते, आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. म्हणजे नाकाचा दोष माझ्यातही उतरलेला होता, फक्त वेगळ्या तऱ्हेनं.

डबे आणि पेंड बाजारात न्यायला आप्पांनी एक जुनी पिकअप घेतली. घेतानाही वास घेऊनच घेतली; सीटचा. दादा ती चालवायचा आणि तिच्याबद्दल असं बोलायचा की जणू कारखान्यात तीच त्यानं जोडली होती. थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याला सांगितलं की मागच्या आसाचं तेल बदलायला झालंय. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला दादा आणि त्याचे दोस्त ‘डिफ्रन्सल’ म्हणायचे. इंजिनाची ताकद त्यातूनच दोन्ही चाकांना वाटून जाते. आत दात्यांची चक्रं एकमेकांवर घासत फिरतात, आणि त्यांना वाचवतं ते फक्त तेल. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दादालाही नव्हतं, पण त्याला विचारलं तर तो तासभर सांगू शकला असता.

तेल घ्यायला आम्ही सात रस्ता चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. मला त्या बाजूला पुस्तक घ्यायचं होतं म्हणून मी बरोबर होते. तेलाच्या खरेदीला आप्पा दुसऱ्या कुणाला एकट्याला पाठवतील ही गोष्ट अशक्य होती. मग ते तेल खायचं असो की गाडीत घालायचं. दुकानात पिंपातून सुटं तेल मिळायचं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणायचे; त्यांनी पहिल्या पिंपातलं माप पुढं केलं. आप्पांनी थेंब तळव्यावर घेतले, चोळले, ओंजळ नाकाशी नेली, आणि झटक्यानं डोकं मागं घेतलं. त्या तेलाला खरोखरच भयंकर वास होता. कुजलेलं अंडं आणि जळकं रबर.

“खवट!” आप्पा ओरडले. “चाचा, कवाचं हाय ह्ये? नासलंय की पार.”

“आप्पा, इसकू बास ऐसीच रैती,” चाचा म्हणाले. “गेर ऑइल है, खोबरेल नै.”

“मला तेल शिकवू नगा. तीन पिढ्या घाण्यावर गेल्यात आमच्या.”

चाचांनी खांदे उडवले आणि दुसऱ्या पिंपातलं माप आणलं. हे तेल मधासारखं दिसत होतं, आणि वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. आप्पांनी डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर ते घाण्यावरचं समाधान आलं. “गोड,” ते म्हणाले. दादा म्हणाला, “एकदम गोड.” त्यानं वास घेतलासुद्धा नव्हता.

मी त्या वर्षी प्रयोगशाळेत गंधकाचे एवढे वास खाल्ले होते की जेवण जात नव्हतं. मी म्हणाले, “आप्पा, त्या पयल्या तेलात गंधक हाय. मुद्दाम घातला असंल.”

“मुद्दाम कोन घान वास घालतंय तेलात? कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?” मग त्यांनी चाचांना विचारलं, “नंबर काय दोन्हीचा?”

“दोनों नव्वद नंबर,” चाचा म्हणाले. “वो भारी गाडी का है, ये सादा. तुमकू बास नक्को तो ये लेव.”

“बघ,” आप्पा मला म्हणाले. “नंबर त्योच. मग फरक कशाचा? वासाचाच की.”

तो फरक सांगत बसायची चाचांना गरज वाटली नाही. गिऱ्हाईक पसंत करील ते मापून द्यायचं आणि त्याचा हट्ट त्याच्याबरोबर घरी जाऊ द्यायचा, एवढा साधा धंदा होता त्यांचा. पुढं मी वाचलं की नंबर नुसता तेलाच्या दाटपणाचा असतो; त्या चक्रांच्या दात्यांवर मात्र एवढा दाब येतो की साधं तेल मधून पिळून निघून जातं, आणि लोखंड लोखंडाला खातं. ते होऊ नये म्हणून तेलात गंधकाचं द्रव्य घालतात. तो घाण वास त्याच द्रव्याचा. नाक मुरडावं असं जे होतं, तेच गाडीला हवं होतं.

इथं थोडं आजचं सांगते. परवा दादाचा मुलगा नवी पिकअप घेऊन दारात आला. म्हणाला, “आत्या, मागं फुल सिंथेटिक टाकून घेतलं, सगळ्यात भारी.” मी विचारलं, कंपनीनं या गाडीला कुठलं सांगितलंय? तो म्हणाला, ते नाही बघितलं, पण एका व्हिडिओत होतं, लई लाइक होते त्याला. नाकाच्या जागी अंगठा आला, घराणं तेच.

तेल घातलं आणि दोन-तीन आठवड्यांत गाडीच्या मागून एक बारीक सूर यायला लागला. वेग वाढला की सूर चढायचा, कमी झाला की उतरायचा. आप्पा म्हणायचे, गाडी गातीय. ते कौतुकानं म्हणायचे.

त्याच सुमारास मैंदर्गीचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, थोडी जमीन, एकुलता एक मुलगा. तो मला बघायला आला तेव्हा त्याच्या अंगाला मोगऱ्याचं अत्तर असं दरवळत होतं, की आमच्या घरातला करडईचा वास मी जन्मात पहिल्यांदा हरवलेला पाहिला. आप्पा त्याच्या शेजारी बसले आणि डोळे मिटले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते मिटलेले डोळे पाहिले, आणि पुढचा शब्द कुठला येणार हे मला कळलं.

आईनं पाण्याचा तांब्या-पेला नेला. त्या मुलानं खिशातून हातरुमाल काढला, पेल्याची कड पुसली, आतून पुसली, बाहेरून पुसली, मग पेला उजेडाकडं धरून पाहिला, आणि एक घोट घेऊन खाली ठेवला. आईनं तो पेला सकाळीच राखेनं घासलेला होता. ती तिथंच उभी होती. तिनं पाहिलं, मी पाहिलं. आप्पांना फक्त रुमालाचा वास आला. मग मुलाची आई म्हणाली, लग्नानंतर कॉलेज वगैरे आमच्यात चालत नाही, दुकान आणि घर पुष्कळ असतं. दादा म्हणाला, बरोबर आहे.

ते गेल्यावर मी आप्पांना सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही आणि शिक्षण सोडायचं नाही. आप्पा म्हणाले, “अगं, पोरगं गोड हाय. माजं नाक चुकत न्हाय.” मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण उपाशी राहून त्या घरात कुणाला काही कळलं असतं अशी मला आशाच नव्हती. आई रात्री नुसती माझ्या केसांना तेल लावत बसली. मला तिचा राग आला होता. आजही थोडा आहे.

साखरपुडा त्यांच्या दारात करायचा ठरला, कारण त्यांच्या घरच्या देवासमोर मुलीला उभं करायचं होतं. पिकअपमध्ये मागं सतरंजी टाकून पाहुणे बसले, मीही त्यांच्यात, नवी साडी गुडघ्यांत दाबून. पुढं दादा, आप्पा आणि आई. सोलापूर सोडल्यापासून त्या गोळ्यातला सूर आमच्या ढुंगणाखाली घुमत होता. अक्कलकोटच्या पुढं गेल्यावर तो एकदम किंचाळला. आतून कुणीतरी कुऱ्हाड घातल्यासारखा आवाज झाला, मागची चाकं जागीच धरली, आणि गाडी फरफटत जाऊन एका करडईच्या शेताच्या कडेला थांबली. शेत फुलावर होतं, पिवळं-केशरी, आणि काट्यांचं. सावली म्हणायला बाभळीचं एक झाड.

दादा येणाऱ्या टेंपोला हात करून मैंदर्गीला गेला आणि एका मेकॅनिकला घेऊन आला. तो कानडी बोलणारा, तोंडात पान, घाईत असलेला माणूस होता. त्यानं गाडीखाली शिरून गोळ्याचं बूच काढलं. खाली धरलेल्या पाटीत तेल पडलं, आणि त्यात लोखंडाची चमचम पडली. मग दात्यांचे तुकडे पडले, एकेक टण् टण् वाजत. मेकॅनिक बाहेर आला आणि पाटीकडं बघून म्हणाला, “एन्री इदु? काय हो हे? वासाचं तेल न्हाय व्हय घातलं? आत सगळं खाऊन टाकलंय की.”

आप्पा पुढं झाले. सगळे पाहुणे बाभळीखालून बघत होते. आप्पांनी पाटीत बोट बुडवलं, त्या चमचमत्या तेलाचे थेंब तळव्यावर घेतले, चोळले, ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले. आणि म्हणाले, “वास तर चांगला हाय.”

मी त्या क्षणी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात पुन्हा चिडलेली नाही, आणि मी पुष्कळदा चिडलेली आहे. समोर चक्रांचा चुरा पडलेला, गाडी मेलेली, आणि हा माणूस उन्हात उभा राहून आपल्या नाकाची बाजू घेत होता. तोंड उघडणार एवढ्यात मोटरसायकल आली. उशीर का झाला बघायला मुलगा स्वतः आला होता. पांढरा सदरा, तोच मोगरा. तो बराच अलीकडं थांबला आणि खिशातून रुमाल काढून त्यानं नाकाला लावला.

आप्पा हसत, हात पुढं करून त्याच्याकडं निघाले. तळव्यांना काळं तेल.

“तिथंच थांबा,” तो रुमालातून म्हणाला. “लांबूनच बोला. लई वास येतोय तुमचा.”

आप्पा थांबले. तळवा अजून तसाच पुढं होता. मेकॅनिक पान चावत बघत होता. मी बाभळीखालून उठले, आप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि घाण्यावरच्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, “आप्पा, ह्येचाबी वास चांगला हाय की.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाटीतल्या तुकड्यांकडं पाहिलं. ते काही बोलायच्या आत आई गाडीतून उतरली. साखरेची पुडी आणि नारळ तिच्या मांडीवर होते, ते तिनं पदरात बांधले, आणि त्या मुलाला म्हणाली, “तुमी जावा घरला. आमी माघारी निघालो. पेला सोच्छ हुता आमचा.”

तिचं एवढं लांब वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. मुलाला पेल्याचं काहीच कळलं नाही. तो मोटरसायकल वळवून गेला. आप्पा एकदम ताठ झाले आणि म्हणाले, “बंडू, गाडी सोलापूरकडं फिरव!” दादा म्हणाला, “फिरवतो.” आणि खरोखर आत जाऊन बसला. गाडीचं मागचं सगळं पाटीत पडलेलं होतं, तरी हा आत जाऊन बसला. आम्ही शेवटी एसटीनं परत आलो, नव्या साड्या आणि काळे हात घेऊन, आणि येताना आप्पांच्या शेजारची जागा कुणी घेईना म्हणून तिथं मी बसले.

आप्पांनी चूक झाली असं कधी म्हटलं नाही. रस्ता खराब होता म्हणाले, ओझं जास्त होतं म्हणाले. पण पिकअप दुरुस्त झाल्यावर ते पुन्हा सात रस्त्याला गेले तेव्हा मला मुद्दाम बरोबर नेलं. दुकानात शिरले नाहीत. बाहेर रस्त्यावर उभे राहिले, धोतराचा सोगा नाकाला लावून, आणि मला म्हणाले, “जा. खवटच घे.” त्या दिवसापासून आमच्या घरात शब्दाचा अर्थ बदलला. करडईचं खवट वेगळं, आणि हे वेगळं. दादा गाडीवाल्या दोस्तांना ऐटीत सांगायचा, खवटच घालावं लागतं, आपल्याला आधीपासून माहीत आहे.

मी पदवी घेतली. त्यानंतर एक स्थळ आलं. चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायच्या हौदावर देखरेख करणारा, पद्धतशीर शिकलेला मुलगा. पाळी संपवून तसाच आला होता. नखं निळी, सदऱ्याला रसायनांचा असा उग्र वास की आमच्या ओसरीवर करडईनं पुन्हा एकदा हार खाल्ली. आईनं पाणी दिलं. त्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला, सगळा प्याला, आणि म्हणाला, “आणखी आहे का?” आत मी चहा करत होते. आप्पा उठून आत आले. नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी आलेलं. चुलीपाशी येऊन उभे राहिले आणि, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणाले, “मंगल, खवट हाय. घ्यायचं का?”

आणि पहिल्यांदाच, विचारून झाल्यावर, उत्तरासाठी थांबले.

“घ्या,” मी म्हणाले.